खाली घेतलेली बंदूक

कवळीबाईंच्या कामाच्या खोलीत जो कोणी पहिल्यांदा येई, तो दारातच थबके. समोरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत, आणि खिडकीतून सकाळचा तिरपा प्रकाश आत आला की ते सगळे एकदम हसू लागल्याचा भास होई. त्या हसण्याला चेहरे नव्हते. दंतवैद्यांकडून मापे येत. कवळीबाई त्यांत प्लास्टर ओतत, गुलाबी मेणात एकेक दात बसवत आणि कुणाचे तरी हरवलेले तोंड पुन्हा उभे करत. हे नाव त्यांना गल्लीने दिले होते. दुसऱ्यांच्या तोंडात ज्याचे काम राहते, त्याने स्वतःच्या नावाबद्दल फार हळवे असू नये, असे त्यांचे मत होते.

गिऱ्हाइकांची मागणी बहुधा एकच असे: दात पांढरेशुभ्र हवेत आणि एकसारखे हवेत. कवळीबाई मान डोलावत आणि तरीही कडेच्या दातांना किंचित पिवळट छटा देत, पुढचा एखादा दात केसभर तिरका बसवत. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आरसा हातात धरून तक्रार केली होती, "बाई, हा दात वाकडा झालाय."

"तो तुमचाच आहे, सर. जुन्या फोटोत बघून बसवला."

मुख्याध्यापक बराच वेळ आरशात पाहत राहिले. मग कवळी घालूनच घरी गेले.

त्या खोलीच्या दारामागे, कामाच्या ॲप्रनशेजारी, जाड कातड्याचे एक जाकीट टांगलेले असे. शनिवारी सकाळी कवळीबाई ते काढत, लांबट पेटी खांद्याला लावत आणि बाहेर पडत. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आक्का, नवऱ्याच्या पश्चात त्यांच्याकडेच राहायला आलेली होती. ती दर शनिवारी स्वयंपाकघरातून न चुकता विचारी, "निघाली का स्वारी लढाईवर?"

"निघाली. तह झाला तर दुपारी जेवायला येते."

"आणि नाही झाला तर?"

"तर तू जेवून घे. माझ्यासाठी झाकून ठेव."

लढाई शहराच्या जुन्या वाचनालयाच्या तळघरात होई. वाचनालय नव्या इमारतीत गेले, तेव्हा नगरपालिकेने ते रिकामे तळघर नेमबाजी मंडळाला नाममात्र भाड्याने दिले होते. जेमतेम दहा-बारा सभासद, हवेच्या बंदुका, भिंतीलगत एक बाक, आणि खोलीच्या टोकाला कागदी चकत्या. आवाज फार नसे. छर्रा कागदात शिरताना जो टप्पकन आवाज येई, तो वरच्या मजल्यावर कुणी पुस्तक मिटल्यासारखा वाटे.

कवळीबाई तिथे आल्या त्या हातामुळे. मेणात दात बसवताना त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टरांना काही सापडेना. मंडळातले एक वृद्ध शिक्षक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्यांची कवळी बाईंनीच केली होती. ते म्हणाले, "खाली या. बंदूक हात स्थिर करत नाही बरं का, हे आधीच सांगतो. हात हलतो, हे कबूल करायला शिकवते."

आणि तसेच झाले. बंदुकीच्या मागच्या टोकावरच्या बारीक छिद्रातून पाहिले की नळीवरचे पुढचे कडे दिसे, कड्यात काळी चकती, आणि तिच्याभोवती पांढऱ्या उजेडाचे वळे. चकती स्थिर कधीच नसे. श्वासाबरोबर ती वर जाई, खाली येई, पाण्यात पडलेल्या काळ्या चंद्रासारखी डोलत राही. तिला थांबवायला गेले की ती अधिक हले. डोलू दिली की तिच्या डोलण्याला लय येई. मग रस्त्यावरचे आवाज कुठल्या तरी खोल पाण्यातून आल्यासारखे लांब जात. कधी फळीवरचे जबडे आठवत, कधी लहानपणी दुसऱ्या खोलीतून हाक मारणारी आई. हाक ऐकू येई, शब्द येत नसत. त्या अवस्थेत कशाचाच राग नसे आणि कशाची घाईही नसे. छर्रा केव्हा सुटला हे पुष्कळदा नंतरच कळे, आणि तो सुटल्यावरही कवळीबाई तशाच उभ्या राहत, जणू जे गेले त्याला निरोप देण्यासाठी.

मात्र दर वेळी तो सुटतच असे, असे नव्हे. उस्तादांनी सगळ्यांना एक शिस्त लावली होती. डोळा एकाच ठिकाणी फार वेळ रोखला की चकती पुसट होते, खरी चकती आणि डोळ्यात उरलेली तिची सावली यांत फरक राहत नाही. याला मंडळात 'डोळा शिळा होणे' म्हणत. शिळ्या डोळ्याने चाप ओढायचा नाही. बंदूक खाली घ्यायची, श्वास सोडायचा, पहिल्यापासून सुरुवात करायची. उस्ताद म्हणत, "झाडलेला छर्रा सगळ्यांना दिसतो. न झाडलेला फक्त तुम्हाला." उस्ताद गेले, पण ही सवय सभासदांच्या अंगात मुरून राहिली. कवळीबाईंच्या तर इतकी मुरली, की बाजारात भाव विचारतानाही त्या कधी कधी मध्येच थांबत आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारत.

तरीही ती बंदूक होती. हे वाक्य लिहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. माणसाला इजा करण्यासाठी घडवलेल्या एका वस्तूच्या घराण्यातलेच हे उपकरण. त्याचा खेळ झाला म्हणून त्याची वंशावळ बदलत नाही. मंडळातल्या लोकांना याचा विसर पडला होता, कारण विसर पडावा इतके ते निरुपद्रवी होते. इतरांना तो पडलेला नव्हता.

त्या वर्षी वाचनालयाच्या रिकाम्या तळमजल्यावर, म्हणजे बरोबर मंडळाच्या डोक्यावर, एक बालवर्ग सुरू झाला. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत दूरच्या एका शहरातली बातमी आली: एका माणसाने भर वस्तीत बंदूक चालवली होती. घराघरांत दूरचित्रवाणीवर तिथली दृश्ये दिसली. पालकांनी अर्ज केला की मुलांच्या पायांखाली बंदुका नकोत. नगरपालिकेच्या समितीने तळघराचा करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे येत्या बैठकीत ठरवायचे मान्य केले. करार गेला तर मंडळ संपणार, हे सर्वांना माहीत होते. दुसरी जागा घेण्याची कुणाची ऐपत नव्हती. कवळीबाईंनी हे ऐकले त्या दिवशी एका जबड्यात चुकून दोन्ही बाजूंना डाव्याच दाढा बसवल्या.

मंडळाचे चिटणीस विमा विकत. त्यांच्या मते हा प्रश्न मुळात शब्दांचा होता. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की दारावरची 'नेमबाजी मंडळ' ही पाटी उतरवून तिथे 'एकाग्रता मंडळ' अशी नवी पाटी लावली. दुसरी गोष्ट, शहराच्या नभोवाणी केंद्राशी बोलून त्यांनी एका थेट कार्यक्रमात मंडळाची बाजू मांडायची संधी मिळवली. समितीच्या अध्यक्ष तो कार्यक्रम नेमाने ऐकतात, अशी त्यांची माहिती होती. बोलायला कुणाला पाठवायचे, यावर त्यांनी फार विचार केला नाही.

"तुम्हीच जायचं, कवळीबाई. तुमचा आवाज मावशीसारखा आहे. मावशीला कोण घाबरतं?"

"माझ्या भाचरांना विचारा."

चिटणीसांनी बाकावर बसून, चहाचा चमचा ध्वनिक्षेपकासारखा पुढे धरून, त्यांची तालीम घेतली. "बंदूक म्हणायचं नाही. उपकरण म्हणायचं. छर्रा, गोळी, नेम, काहीही नाही. ध्यान म्हणा, श्वास म्हणा. भीतीचा विषय निघाला तर हसा."

"नभोवाणीवर हसलेलं दिसतं?"

"ऐकू येतं! आणि बालवर्गाच्या बाई येणार आहेत समोर. त्यांनी काहीही विचारलं तरी उत्तर एकच: खाली एक शांत खेळ चालतो. बस्स. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकली की आत काय आहे, हेच लोक विचारतात," कवळीबाई म्हणाल्या. पण उत्तर त्यांनी पाठ केले. तळघर वाचवायचे होते.

घरी आक्काने जेवताना सगळे ऐकून घेतले. तिला बंदूक कधीच आवडली नव्हती. पेटी असलेल्या कपाटाकडे ती पाठ करूनच बसे. तरीही ती म्हणाली, "उपकरण? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे कुणी शिकवलं तुला?"

"जागा जाईल, आक्का."

"जाऊ दे की. मी तर नवस बोलीन." मग ताटाकडे पाहत, थोड्या वेळाने, "तुझा हात पुन्हा थरथरायला लागेल का गं?"

दोघी बहिणी भाताचे शेवटचे घास मोजून खाल्ल्यासारखे सावकाश खात राहिल्या.

नभोवाणीची खोली आतून उशीसारखी होती. भिंतींना मऊ गाद्या होत्या, आणि बोललेला शब्द तोंडातून निघताच त्या गाद्या तो शोषून घेत, त्यामुळे आपण स्वतःशीच बोलत आहोत असे वाटे. काचेपलीकडे यंत्रांपाशी चिटणीस हात जोडून उभे होते. टेबलाच्या एका बाजूला निवेदिका, दुसऱ्या बाजूला बालवर्गाच्या बाई. त्या तरुण होत्या; बाहीला निळा रंग वाळलेला होता. भांडायला आल्यासारख्या त्या दिसत नव्हत्या. नीट झोप न झालेल्या दिसत होत्या.

लाल दिवा लागला.

"कवळीबाई, मी असंच म्हणू ना?" निवेदिकेने सुरुवात केली.

"म्हणा. बँकेतसुद्धा तेच म्हणतात."

"तुम्ही अगदी आमच्या मावशीसारख्या दिसता. आणि हातात बंदूक! भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर नियम आहेत."

काचेपलीकडे चिटणीसांनी कपाळाला हात लावला.

मग बालवर्गाच्या बाई बोलल्या. आवाज खालचा होता. "मला वाद घालायचा नाही. मला फक्त एक विचारायचंय. माझ्या वर्गातली एक मुलगी परवा फरशीला कान लावून बसली होती. म्हणाली, बाई, खाली कोण टकटक करतंय? मी तिला काय सांगू?"

पाठ केलेले उत्तर कवळीबाईंच्या मनात आपसूक वर आले, जसा बंदुकीचा दस्ता खांद्याला येतो. खाली एक शांत खेळ चालतो. त्यांनी ते रोखून धरले. त्या वाक्यापलीकडे त्यांना फरशीला कान लावलेली ती मुलगी दिसली, तिच्या गालाला लागलेली गार फरशी दिसली. वाक्य डोलू लागले. पाहता पाहता ते पुसट झाले. खरे किती आणि त्याची सावली किती, हे कळेना. डोळा शिळा झाला होता. आणि नेमबाजाशिवाय दुसऱ्या कुणी त्या जागी केली नसती, अशी गोष्ट कवळीबाईंनी केली: त्यांनी उत्तर खाली घेतले. श्वास सोडला. पहिल्यापासून सुरुवात करण्यासाठी थांबल्या.

गाद्यांच्या त्या खोलीत शांतता दाटत गेली. निवेदिकेने ओठ हलवले, डोळे मोठे केले, टेबलावर बोट आपटले. कवळीबाईंना ते सगळे दूरच्या किनाऱ्यावर चालल्यासारखे दिसत होते. बालवर्गाच्या बाई मात्र हलल्या नाहीत. मुलाला शब्द सापडेपर्यंत वाट पाहायची त्यांना सवय होती.

शांतता लांबली की केंद्र बंद पडले असे समजून आपोआप संगीत सुरू करणारे एक यंत्र तिथे होते. त्याने आपले काम केले. शहरभर, कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या दुकानात, एकाएकी सारंगी वाजू लागली. आक्काने घरी रेडिओच्या डोक्यावर एक थापट मारली.

संगीत थांबवून निवेदिका घाईघाईने म्हणाली, "तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व..."

"अडचण नव्हती," कवळीबाई म्हणाल्या. "मी विचार करत होते." आणि मग त्या बालवर्गाच्या बाईंकडे वळल्या. "तिला सांगा, खाली बंदुका आहेत. हवेच्या आहेत, पण खऱ्या आहेत. त्यांनी लागू शकतं. म्हणून खालचं दार बंद असतं, आणि आमच्यातलं कुणीही बंदुकीचं तोंड माणसाकडे करत नाही, रिकामी असली तरी. केलं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतात, पुन्हा बोलवत नाहीत. आणि हेही सांगा की खाली मोठी माणसं न हलता उभं राहायला शिकतात, आणि त्यांना ते नीट जमत नाही."

"एवढं सांगितलं आणि ती घाबरली तर?"

"तर तुम्ही आम्हाला जा म्हणा. तिला फसवून मला तिथं राहायचं नाही."

काचेपलीकडची जागा रिकामी होती. चिटणीस जिन्यात भेटले.

"आधी तोंडात मिठाची गुळणी धरलीत," ते म्हणाले, "आणि तोंड उघडलंत ते स्वतःचंच घर जाळायला! जा म्हणा? असं कुणी म्हणतं?"

"पहिलं उत्तर शिळं झालं होतं हो."

"मग शिळंच वाढायचं होतं! लोक तेच खातात." एवढे बोलून त्यांचा आवाज चिरकला. तळघरातला बाक त्यांनी स्वतः घरून आणलेला होता. कवळीबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला, आणि दोघे जिना उतरले.

एखादा खेळ समाजापुढे ठेवायचा म्हणजे त्याच्या अंगावरचा प्रत्येक डाग आधी धुऊन काढायचा, अशी समजूत अलीकडे सर्वत्र रूढ होत आहे. तिच्यामागे लबाडी असतेच असे नाही. बहुधा चिटणीसांसारख्याच माणसाचे प्रेम आणि धास्ती असते. पण ज्याला भीती वाटते, त्याच्या भीतीला उत्तर न देता केवळ तिचे नाव बदलणे, हा त्याचा अपमानच आहे. कवळीबाईंनी हे अशा शब्दांत कधी मांडले नसते. त्यांना एवढेच ठाऊक होते, की फार पांढरा दात तोंडात उपरा दिसतो.

बैठकीपूर्वीचे दिवस धुक्यातून चालावे तसे गेले. बेकरीवाल्याने पाव बांधून देताना सांगितले, "तुम्ही गप्प होतात ते आम्ही ऐकलं. बायको म्हणाली, बाईंना घेरी आली असणार." एका गिऱ्हाइकाने निरोप पाठवला, की बंदूक धरणाऱ्या हातची वस्तू तोंडात नको; त्याची तयार होत आलेली कवळी फळीवर तशीच राहिली, मेणात अर्धी हसत. शनिवारी कवळीबाई तळघरात गेल्या तेव्हा ही बहुधा शेवटची वेळ, असे समजून त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. दमट, ओबडधोबड भिंत. वर छोटी पावले धावत होती. त्या दिवशी त्यांनी बंदूक पेटीतून काढलीच नाही.

बैठकीत पालक बोलले, चिटणीस एकाग्रतेवर बोलले. शेवटी बालवर्गाच्या बाई उभ्या राहिल्या.

"आमच्या खाली बंदुका असाव्यात, अशी माझी इच्छा नाही," त्या म्हणाल्या. "आजही नाही. पण मी त्या मुलीला खरं ते सांगितलं. तिनं विचारलं, त्या कुणाला मारतात? म्हटलं, कागदाला. म्हणाली, मग कागद का पळून जात नाही?" सभागृहात कुणीतरी हसले. बाई हसल्या नाहीत. "पण ती फरशीला कान लावायची थांबली. लपवलेलं काही उरलं नाही ना. माझं एवढंच म्हणणं आहे, त्यांना राहू द्यायचं असेल तर आधी ती एकाग्रतेची पाटी काढा. मुलांना वाचता येत नाही. मला त्यांना खोटं वाचून दाखवता येत नाही."

समितीने करार एका वर्षासाठी वाढवला, पुढचे पुढे. दोन पालकांनी मुले दुसऱ्या बालवर्गात घातली. त्यांतली एक आई रस्त्यात कवळीबाई दिसल्या की पलीकडच्या बाजूने जाई, आणि कवळीबाईंना त्यात वावगे काही वाटले नाही. जुनी पाटी चिटणीसांनीच पुसून पुन्हा लावली. पाठमोरे राहूनच ते म्हणाले, "वाकडी लागली का?"

"किंचित. राहू द्या तशीच."

त्यानंतरच्या शनिवारी आक्का दारापर्यंत आली. पेटीला तिने हात लावला नाही, पण जाकिटाच्या खांद्यावरची प्लास्टरची पांढरी भुकटी झटकली. "झाकून ठेवते," एवढेच म्हणाली.

तळघरात दिवे लागले होते. कवळीबाईंनी बंदूक खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला. काळा चंद्र कड्यात आला आणि डोलू लागला. वर दार उघडल्याचा आवाज झाला; मुले आली होती. नेहमीसारखी धावपळ सुरू होईल म्हणून त्या थांबल्या. पण पावले अगदी हळू पडू लागली. कुणीतरी चवड्यांवर चालत होते, मग दुसरे कुणी, मग सगळेच. खाली मोठी माणसे न हलता उभी राहायला शिकत आहेत आणि त्यांना ते नीट जमत नाही, हे मुलांना सांगण्यात आले होते. छतावरून ती सांभाळलेली पावले ओळीने पुढे सरकत गेली. इतकी शांतता त्या तळघरात कधी झाली नव्हती.

चकती पुसट झाली. कवळीबाईंनी बंदूक खाली घेतली आणि पावले पलीकडे पोचेपर्यंत वर पाहत उभ्या राहिल्या.